आज्ञेच्या ओळीचे व्याकरण

संगणकास एक ओळ लिहून आज्ञा देण्याच्या पद्धतीस ‘कमांड लाइन’ म्हणतात. ओळीत प्रथम प्रोग्रामचे नाव आणि त्यामागून काही शब्द येतात. त्यांपैकी कोणता शब्द कोणत्या अर्थी घ्यावा, हे प्रत्येक प्रोग्रामकारास नव्याने ठरवावे लागू नये म्हणून जे तयार साधनसंच निर्माण झाले, त्यांस ‘लायब्ररी’ अशी संज्ञा आहे. ‘आर्गपार्स’ ही अशीच एक लायब्ररी २०१० साली पायथन भाषेच्या २.७ या आवृत्तीबरोबर त्या भाषेच्या मूळ संचात आली. प्रोग्रामकार तीस शब्दांची नावे, प्रकार व अर्थ सांगतो. ओळीचे पृथक्करण, चुकीची सूचना आणि मदतीचा मजकूर ही कामे ती स्वतः करते.

भाषाभ्यासकास ही रचना परिचित वाटावी. काही शब्दांचा अर्थ केवळ त्यांच्या स्थानावरून ठरतो. त्यांची अदलाबदल केली की अर्थ पालटतो. दुसऱ्या वर्गातील शब्दांपुढे दोन आडव्या रेघा असतात, व ते ओळीत बहुधा कोठेही चालतात. ‘रामाने श्यामला पुस्तक दिले’ या वाक्यातील पदे जशी विभक्तिप्रत्ययांच्या बळावर जागा बदलू शकतात, तसाच हा प्रकार होय.

खरी अडचण संक्षेपाची आहे. आर्गपार्स अपुरा शब्दही स्वीकारते. मात्र त्यावरून एकच पूर्ण शब्द सूचित झाला पाहिजे. समजा, ‘--रिमूव्ह-स्पेसेस’ म्हणजे मजकुरातील मोकळ्या जागा काढणे. कोणी रोज रात्री आपोआप चालणाऱ्या कामात नुसते ‘--रिमूव्ह’ लिहिले. पुढे प्रोग्रामकाराने फाइलच नष्ट करणारा ‘--रिमूव्ह’ हा स्वतंत्र शब्द योजला, तर आर्गपार्स पूर्ण जुळणाऱ्या शब्दास अग्रमान देते, आणि जुनी ओळ काहीही तक्रार न करता नवा अर्थ धारण करते. दोन अर्थ संभवत असते तर निदान काम थांबून चूक कळली असती. येथे तेवढेही घडत नाही.

बोलण्यात ऐकणारा प्रसंग पाहून अर्थ सावरून घेतो. यंत्रास ती सोय नाही. २०१५ साली पायथनच्या ३.५ या आवृत्तीत संक्षेप बंद करण्याची तरतूद झाली खरी, परंतु ती प्रोग्रामकाराने मुद्दाम वापरावी लागते. २०१४ साली निघालेली ‘क्लिक’ ही लायब्ररी असे अपुरे शब्द मुळीच स्वीकारीत नाही. ती जवळचे शब्द सुचवून थांबते. टंकलेखनाचे चार अधिक श्रम पडले तरी हीच रीत श्रेयस्कर म्हटली पाहिजे.