वहीवर चालणारं हॉटेल

पहाटे चार. सोंगणीचे दिवस आहेत, म्हणून कामरगावच्या स्टँडजवळच्या हॉटेलाची भट्टी तासभर आधी पेटते. मालक पाणी शिंपडतात, उदबत्ती लावतात, पहिला चहा रस्त्यावर ओततात. आलू रात्रीच घरी उकडून, सोलून ठेवलेले असतात. ते काम मालकीणबाईंचं. त्या गल्ल्यावर कधी दिसत नाहीत, पण इथल्या आलूबोंड्याची चव त्यांच्याच हातची.

साडेपाच. सोयाबीन सोंगायचं काम एकराच्या गुत्त्यानं जातं. शेतकरी चहा सांगतो, मुकादम तो बशीत ओततो, आणि दोन घोटांत एकराचा भाव ठरतो. कागद नाही, विसार नाही. चारचौघांत दिलेला शब्द आहे, म्हणून तो सहसा मोडत नाही. सोंगायला निघालेल्या बाया मात्र बाहेर गाडीतच चहा घेतात, आत बाकं रिकामी असली तरी. हे मला पटत नाही. ज्यांच्या विळ्यावर हंगाम उभा आहे, त्यांना आत बसता आलं पाहिजे.

सात. पहिला घाणा. बेसनाचा थेंब तेलात टाकायचा. तळाशी जाऊन लगेच वर आला की बोंडे सोडायचे. फोडलेल्या बोंड्यावर रस्सा, कांदा, शेव, बाजूला तळलेली मिरची. ‘देशोन्नती’ची पानं सुटी होऊन सगळ्या बाकांवर फिरतात. आधी बाजारभाव वाचायचा, मग निधनवार्ता.

दहाला मास्तर, कंडक्टर, तलाठ्याची वाट पाहणारे येतात. चहा पिऊन निघून जातात.

अकरा. सोयाबीनच्या गाड्या कारंज्याला निघतात. कारंज्याचा बाजार साधा नाही. हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशानं १८८६ साली तिथं देशातला पहिला नियंत्रित बाजार सुरू झाला, तो कापसाचा. इंग्रजांच्या गिरण्यांना चांगला कापूस रास्त दरात मिळावा, हा त्यामागचा हेतू होता. आज कापसाची जागा बरीचशी सोयाबीननं घेतली आहे, पण माल आपला अन् भाव दुसऱ्याचा, हे काही बदललं नाही. २०२५-२६ च्या हंगामाला हमीभाव क्विंटलमागं ५३२८ रुपये. तो जाहीर होतो. पदरात पडेलच असं नाही.

दुपारी मालक बाकावर पाठ टेकतात.

चार. गाड्या परततात आणि हॉटेल भरतं. “काय भाव गेलं गा?” भाव फोनवर सकाळीच कळलेला असतो. पण ओलाव्यापायी किती कापले, हमाली-तोलाईत किती गेले, चुकारा रोख मिळाला की आठ दिवसांनी, हे माल विकून आलेलाच सांगू शकतो. त्याचं ऐकून दुसरे ठरवतात, उद्या माल काढायचा की थांबायचं. सल्ला देणारं दुसरं कार्यालय गावात नाही.

सहाला मिरचीभज्यांचा घाणा. कोणाची सोयरीक जुळली, कोणाला अकोल्याला भरती केलं, रक्त कोण देतो, हे सारं इथंच कळतं.

आठ. गल्ल्याखालची वही निघते. लांबोडी, कडा तेलानं पारदर्शक झालेल्या. आडनावं थोडी, ओळखीच जास्त: ‘टेलर’, ‘नाल्यावरचे’, ‘मोठे गुरुजी’. मृग लागला की ही वही भरू लागते अन् दिवाळीपर्यंत भरतच जाते. बँक पीककर्जाला सातबारा मागते. इथं चेहरा पुरतो. पण तेल, बेसन, सिलिंडर मालकांना रोखीनंच आणावं लागतं. गावाचे हे चार-पाच महिने ते स्वतःच्या खिशातून ओढून नेतात, बिनव्याजी.

नऊला भट्टी विझते. गावकऱ्यांना एवढंच सांगणं आहे: सोयाबीनचा चुकारा हाती आला की दुकानदाराचं, कृषी केंद्राचं देणं द्यालच, पण त्याआधी हॉटेलातल्या वहीवरचं आपलं नाव खोडून घ्या.