विहिरीची नाडी

धावत आलेल्या रोग्याची नाडी जाणता वैद्य लगेच पाहत नाही. आधी त्यास बसवतो, श्वास स्थिर होऊ देतो. भूगर्भात घेतलेल्या विवरासही हाच न्याय लागू पडतो. हैदराबाद येथे १९६१ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने, १९६७ च्या भूकंपाने उद्ध्वस्त केलेल्या कोयना परिसरात सुमारे दीड किलोमीटर खोल विवरांतून भूगर्भातील तापमानाचा अभ्यास केला आहे. अशा कामातील पहिला धडा संयमाचा. वेधनाच्या वेळी खेळवलेल्या पाण्याने खडकाचे मूळ तापमान बिघडते. ते पूर्ववत होण्यापूर्वी टिपलेला आकडा खडकाचा नव्हे, त्या पाण्याचा असतो.

तेलविहिरीत हा धडा अधिक महाग पडतो. आपल्या किनाऱ्यासमोरील मुंबई हाय क्षेत्रात १९७४ साली तेल सापडले आणि २१ मे १९७६ रोजी उत्पादन सुरू झाले. अशा वयोवृद्ध क्षेत्रातील विहिरींतून तेलाबरोबर पाणीही वाढत्या प्रमाणात येऊ लागते. ते नेमक्या कोणत्या थरातून येते, हे शोधण्यासाठी तारेच्या आधाराने विहिरीत प्रवाह, दाब, तापमान व द्रवाची घनता मोजणारी उपकरणे सोडतात. यालाच प्रॉडक्शन लॉगिंग म्हणतात. निदान चुकले, तर सिमेंटने भलताच थर बुजवला जातो. पाणी वाहतच राहते आणि तेल मात्र कोंडले जाते.

म्हणूनच उपकरण खाली जाण्यापूर्वीची तयारी हीच खरी परीक्षा होय. विहिरीला कोणता प्रश्न विचारायचा, हे आधी कागदावर उतरले पाहिजे. नळ्यांचे व्यास, छिद्रांची खोली व पूर्वीच्या नोंदी हाताशी हव्यात. त्याच मापाचा साधा दंड आधी सोडून वाट मोकळी असल्याची खात्री करावी, तोंडावरील सामग्रीची दाबचाचणी घ्यावी. प्रवाह स्थिर होईपर्यंत झडपेस हात लावू नये. प्रवाहमापकाची फिरकी द्रवाच्या वेगाने फिरते, तशीच तारेच्या वेगानेही फिरते; तेव्हा वर-खाली निरनिराळ्या वेगांनी फेऱ्या घेण्याचे, आणि विहीर बंद ठेवूनही मोजणी करण्याचे, वेळापत्रक आधीच ठरलेले असावे.

एवढे न करता पुढे खापर उपकरणावर फोडणे म्हणजे नाचता येईना, अंगण वाकडे! आयात तेलावर परकीय चलन ओतणाऱ्या देशाला हे परवडणारे नाही. पूर्वतयारीत गेलेले दिवस उत्पादनातील तूट म्हणून मोजले जाऊ नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. स्वस्थ न बसवलेल्या रोग्याच्या नाडीवरून शस्त्रक्रिया ठरवण्याचे धाडस कोणी सुज्ञ वैद्य करणार नाही. मग विहिरीच्याच बाबतीत ते का व्हावे?