भोपळा वाढतो रात्रीत, पिकतो सवडीनं

पहाटे साडेपाच

लाल भोपळ्याचं फूल पहाटे उमलतं आणि ऊन चढायच्या आत मिटतं. मादी फुलाच्या वाट्याला तेवढे चार-पाच तासच येतात. त्या वेळात पराग मिळाला तर भोपळा धरतो, नाही तर नाही. म्हणून श्रावण-भाद्रपदात आमच्याकडे चहाचं आधण ठेवायच्या आधी परसात एक फेरी होते. हातात बॅटरी आणि बाह्या मनगटापर्यंत ओढलेल्या, कारण भोपळ्याच्या पानांची खरबरीत लूस ओल्या हाताला चांगलीच चावते.

नर फूल लांब, सडपातळ देठावर उभं असतं. मादी फूल आखूड देठाचं. पाकळ्यांच्या खाली लिंबाएवढा हिरवा गोळा घेऊनच ते उमलतं. वेलावर सुरुवातीचे आठ-दहा दिवस बहुधा नर फुलंच येतात. पहिल्यांदा वेल लावणारी माणसं तेव्हा हवालदिल होतात. शेजारच्या वहिनी दरवर्षी विचारतात, “फुलं भारंभार, पण धरत एकही नाही, वेल वांझ आहे का हो?” वेल वांझ नसतो. दिवस मोठा आणि उष्मा जास्त असेपर्यंत नर फुलं जास्त येतात. दिवस आखडू लागला, हवा निवली की मादी फुलं वाढतात. थोडा दम धरावा लागतो, एवढंच.

रात्रभर पाऊस पडला असेल तर मधमाश्या उशिरा येतात किंवा येतच नाहीत. त्या सकाळी हे काम माणसानं करायचं. ताजं नर फूल तोडायचं, पाकळ्या सोलायच्या आणि मधली परागानं माखलेली दांडी मादी फुलाच्या तिन्ही पाळ्यांवर सगळीकडून हलकेच फिरवायची. भोपळ्याचे पराग मोठे आणि चिकट असतात, ते वाऱ्यानं उडत नाहीत. एका बाजूलाच लागले तर फळ एका अंगानं फुगतं आणि दुसऱ्या अंगानं चिमलेलं राहतं. म्हणून एका मादी फुलाला मी दोन नर फुलं वापरते. मग देठाला सैल दोरा बांधते. त्या दोऱ्याला दह्याच्या डब्याची कापलेली पट्टी असते आणि पट्टीवर पेन्सिलीनं तारीख. पेन्सिल पावसात पुसत नाही.

भोपळ्याचं वय या तारखेपासून मोजायचं, कारण फळ कापायचा दिवस तीच ठरवते.

सकाळी सात

उघडीप असली तर आता परागीभवनाची काळजी करायची गरज नसते. सातेरी मधमाश्या फुलांत शिरतात आणि अंगभर पिवळ्या होऊन बाहेर पडतात. एका माशीची एक फेरी पुरत नाही, फळ नीट भरायला पुष्कळ फेऱ्या लागतात. आमच्या सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरच्या खोऱ्यातलं मांघर हे गाव 2022 मध्ये देशातलं पहिलं ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालं. मधाचं कौतुक व्हायलाच हवं. पण माश्या आपल्या काकड्या, दोडके, भोपळे धरवून देतात, त्याचं मोल मधाच्या बाटलीपेक्षा मोठं आहे. सकाळच्या वेळी वेलावर औषध फवारणाऱ्या माणसाला मी दोन्ही हात जोडून थांबवते. फवारायचंच असेल तर फुलं मिटल्यावर, संध्याकाळी फवारावं.

माश्या काम करत असताना मी मागच्या तीन-चार दिवसांच्या पट्ट्या बघत जाते. धरलेलं फळ तकतकीत हिरवं असतं आणि त्याचा देठ जाड होऊ लागलेला असतो. न धरलेलं पिवळं पडतं, मऊ होतं आणि हात लावला की गळतं. पाचव्या दिवसापर्यंत निकाल लागलेला असतो.

आठ ते साडेनऊ

काम झालेली नर फुलं वाया जात नाहीत. पाकळ्या उघडून किडा-मुंगी झटकायची, मधली दांडी काढायची आणि हरभऱ्याच्या पिठात ओवा-हळद घालून भजी करायची. सासूबाई कोवळ्या शेंड्यांची आणि पानांची भाजी करतात. पानं उलट्या बाजूनं सोलून लूस काढली की ती जिभेला टोचत नाहीत. शेंडा खुडल्यानं वेलाला बाजूचे फुटवेही चांगले येतात.

साडेनऊ

आता वेलाची कामं. भर पावसाळ्यात, खत-पाणी मनासारखं असलं तर शेंडा दिवसात वीतभरही पुढे सरकतो. काल कुंपणाच्या आत असलेला शेंडा आज शेजाऱ्यांच्या गवारीत शिरलेला सापडतो. त्याला उचलून वळवायचं ते सकाळीच नको, दिवस थोडा तापू द्यावा. भल्या पहाटे वेल पाण्यानं टरारलेला असतो आणि वाकवला की कटकन मोडतो. दहाच्या पुढे तो लवचिक होतो.

वेल जिथं मातीला टेकतो तिथं पेरांना मुळं फुटतात. त्या पेरांवर ओंजळभर माती आणि कुजलेलं शेणखत घालायचं. मूळ बुंध्याला इजा झाली तरी ही जोडमुळं वेल जगवतात आणि जवळच्या फळाला थेट पाणी पुरवतात. मांडवावर चढवलेल्या वेलाला ही सोय नसते, म्हणून मला भुईवरचा वेल आवडतो. ज्यांना जागा नाही त्यांनी मांडव जरूर करावा, फक्त फळाला जुन्या साडीची झोळी बांधावी.

भुईवरच्या प्रत्येक फळाखाली भाताचा पेंढा किंवा चपटा दगड सरकवायचा. ओल्या मातीवर बसलेलं फळ खालून सडतं. फळ फिरवायच्या फंदात मात्र पडू नये. देठ पिळला गेला की त्याचं पाणी तुटतं.

एका वेलावर किती फळं ठेवायची यावर आमच्याकडे दरवर्षी वाद होतो. मी दोन-तीनच ठेवते. वेलानं धरलेली सगळी फळं तशीच राहू दिली तर पानांनी केलेली साखर सगळ्यांत वाटली जाते आणि एकही फळ धड भरत नाही. कोवळी जास्तीची फळं काढून त्यांची भाजी करावी, तीही छान लागते.

दुपारी एक

पावसानं दोन-तीन दिवस ओढ दिली आणि कडक ऊन पडलं की या वेळी वेल बघवत नाही. ताटाएवढी पानं मान टाकून लोंबतात. घरातलं कोणी ना कोणी पाण्याचा पाइप घेऊन धावतंच. मी थांबवते. एवढ्या रुंद पानांतून पाणी इतक्या वेगानं उडतं की मुळं तितकं ओढू शकत नाहीत, म्हणून पानं पडतात. पाच-सहाच्या सुमाराला ती आपोआप सावरतात. संध्याकाळी सावरली नाहीत किंवा सकाळीही पडलेली दिसली तरच पाणी द्यावं. दुपारच्या पडलेल्या पानांवर विश्वास ठेवून रोज पाणी दिलं तर आळं चिखल होतं आणि मुळं कुजतात.

जेवण झाल्यावर वहीत तारखा उतरवायच्या. बी रुजायला उबदार मातीत 6 ते 8 दिवस. तिथून फुलं यायला साधारण 40 ते 50 दिवस. फूल धरल्यापासून फळ पूर्ण आकाराचं व्हायला सुमारे 3 आठवडे. आणि तिथून पिकायला आणखी जवळजवळ 4. सुरुवातीचे नर फुलांचे आठ-दहा दिवस धरले, तर बियापासून पक्क्या भोपळ्यापर्यंत 100 ते 120 दिवस. बंगळुरूच्या फलोत्पादन संशोधन संस्थेचा ‘अर्का चंदन’ काय किंवा दिल्लीच्या पुसा संस्थेचा ‘पुसा विश्वास’ काय, साधारण याच हिशेबात बसतात.

या आकड्यांत एक गोष्ट लपलेली आहे आणि मला ती सगळ्यांना सांगावीशी वाटते. फळाच्या आयुष्यातला मोठा वाटा वाढण्यात जात नाही, पिकण्यात जातो. साडेचार किलोचं फळ 21 दिवसांत आकाराला आलं, तर त्यानं सरासरी दिवसाला 200 ग्रॅमहून जास्त वजन धरलं. सुरुवातीला थोडं कमी, दुसऱ्या आठवड्यात त्याहून बरंच जास्त. अमेरिकेत स्पर्धेसाठी वाढवतात ते भोपळे वेगळ्या जातीचे, वेलाला एकच फळ ठेवलेले. भर वाढीत त्यांचं वजन दिवसाला वीस-वीस किलोंनी चढतं. कॅलिफोर्नियातल्या हाफ मून बे इथे 2023 मध्ये ट्रॅव्हिस गिएंजर यांचा भोपळा 2,749 पौंडांचा, म्हणजे सुमारे 1,247 किलोंचा भरला. ही वाढ अचाट आहे. पण ते भोपळे वजनासाठी असतात, ताटासाठी नव्हेत. आपल्याला खायचा भोपळा हवा, आणि खायचा भोपळा आकार थांबल्यानंतर तयार होतो. आकार थांबला की आत पिष्ट साठतं, गर घट्ट होतो, केशरी रंग चढतो, बी भरतं, साल कठीण होते. बाहेरून यातलं फार थोडं दिसतं. त्यामुळेच माणसं फसतात.

साडेतीन

फळमाशीची फेरी. ही माशी कोवळ्या फळाच्या सालीत अंडी घालते, आत अळ्या होतात आणि फळ त्या जागी मऊ पडून गळतं. असं फळ उकिरड्यावर टाकायचं नाही. अळ्या मातीत शिरून कोष करतात आणि पुढच्या पिढीची माशी होऊन परत येतात. मी ती फळं हातभर खोल पुरते. परसात क्यू ल्यूरचे सापळे टांगलेले आहेत, त्यात नर माश्या अडकतात. कोवळ्या फळांना पहिले पंधरा दिवस कागदी पिशवी किंवा मलमलचा तुकडा बांधला तर नुकसान पुष्कळ टळतं. पानांवर पांढरी भुरी दिसली तर ती जुनी पानं काढून टाकायची. पान गेलं की तेवढी साखर गेली, म्हणून नवी पानं जपायची.

संध्याकाळी पाच

या वेळेला भाजीवाले टेम्पो घेऊन येतात. म्हाळाचे दिवस जवळ आले की पानात भोपळ्याची भाजी हवीच, त्यामुळे मागणी वाढते. त्यांची नजर सगळ्यात मोठ्या, हिरव्यागार फळावर जाते.

“ताई, हा द्या की काढून. केवढा झालाय!”

“दादा, तो बावीस दिवसांचा आहे. अजून महिनाभर हात लावायचा नाही.”

“अजून वाढणार काय?”

“वाढणार नाही. पिकणार.”

वाढायचा थांबला म्हणजे तयार झाला, असं त्यांनाच नाही, बाजारातल्या पुष्कळांना वाटतं. म्हणून आपल्याला पांढुरक्या गराचा, पाणचट भोपळा विकत मिळतो आणि मुलं ताटात त्याला शिवत नाहीत. दोष भोपळ्याचा नाही. तो अर्ध्यातच कापलेला असतो.

पक्व फळ ओळखायचं ते देठावरून. देठ हिरवा, रसाळ असेल तर वेल अजून फळाला भरवतो आहे. देठ सुकून बुचासारखा कडक झाला, त्यावर उभ्या चिरा पडल्या, की आतली देवाणघेवाण संपत आली. मग सालीवर नख दाबून बघावं. नख रुतलं नाही तर साल तयार आहे. सालीवर पांढुरकी राखट झाक येते, भुईला टेकलेला भाग केशरी-पिवळा होतो, टिचकी मारली तर पोकळ आवाज येतो. एकट्या रंगावर भिस्त ठेवू नये, कारण आपल्याकडचे काही भोपळे पिकले तरी हिरवट-तपकिरी चट्ट्यांचेच राहतात. हे सगळं पाहिल्यावर पट्टीवरची तारीख वाचायची. 45 ते 55 दिवस झाले असले तर विळ्यानं कापायचं, चार बोटं देठ ठेवून. देठ धरून फळ उचलू नये. देठ निखळला की त्या खळग्यातून कूज शिरते आणि महिनोन्महिने टिकणारा भोपळा आठवड्यात जातो.

आज पट्टी पुरी झालेली दोन फळं काढली. भाजीवाल्यांना त्यातलं एक दिलं. दुसरं ओसरीवर वाऱ्याला ठेवलं आहे. आठ-दहा दिवसांत साल आणखी कठीण होईल, मग ते माळ्यावर जाईल. पक्का भोपळा काढल्यावरही बदलत राहतो. आतल्या पिष्टाची हळूहळू साखर होते, त्यामुळे ओसरीवर काही आठवडे राहिलेल्या भोपळ्याचे घारगे ताज्या कापलेल्यापेक्षा गोड होतात आणि गूळ कमी लागतो.

साडेसात

दिवे लागल्यावर शिंप्याची टेप घेऊन शेवटची फेरी. वाढत्या फळांचा घेर संध्याकाळी मोजायचा आणि सकाळी परत मोजायचा. भर वाढीतल्या फळाचा घेर एका रात्रीत बोटभर वाढलेला दिसतो, तर दिवसभरात फरक अगदी थोडा. दिवसा मुळांनी ओढलेलं पाणी पानांतून उडून जातं. सूर्य खाली गेला की पानांची रंध्रं मिटतात, पाणी फळाकडे वळतं आणि पानांनी दिवसभर केलेली साखरही तिकडे जाते. म्हणून संध्याकाळी आळ्यात ओल असणं महत्त्वाचं. भोपळा खरा फुगतो तो आपण झोपलेले असताना.

ज्या फळाचा घेर लागोपाठ चार-पाच रात्री तेवढाच राहिला, त्याच्यापुढे वहीत फुली मारते. त्याची वाढ झाली. तिथून पुढचे चार आठवडे त्याला पाणी बेताचं, खत बंद.

परसात बी लावणाऱ्यांसाठी एवढंच सांगते. सर्वपित्रीच्या पानात घरचा पिकलेला भोपळा हवा असेल तर बी मृगातच पडायला हवं, जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात. आषाढ उलटल्यावर लावलेला वेल दिवाळीच्या पुढे-मागे फळ देईल, म्हाळाला नाही. आणि बी केव्हाही लावलं असो, मादी फूल धरलं त्या दिवसाची तारीख देठाला बांधा, आणि देठ सुकेपर्यंत विळा लांब ठेवा.