रॉयल वुल्फ
रॉयल वुल्फ : ट्राउट माशाच्या गळ-मासेमारीत वापरली जाणारी, पाण्यावर तरंगणारी भडक रंगांची कृत्रिम माशी. पांढरे पंख, मोरपिसाच्या तंतूंचे हिरवट चमकदार शरीर, त्याच्या मध्यभागी लाल रेशमी पट्टा व तपकिरी पिसांची झालर ही तिची लक्षणे होत. निसर्गातील कोणत्याही एका कीटकाशी तिचे साम्य नाही. तरीही ट्राउट ती घेतो.

इतिहास : इंग्लंडमध्ये एफ. एम. हॅलफर्ड यांनी १८८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तरंगत्या माश्या बांधण्याची पद्धती मांडली. मूळ कीटकाच्या तंतोतंत अनुकरणावर त्यांचा भर होता. अमेरिकेतील खळाळत्या नद्यांत मात्र अशा नाजूक माश्या लवकर बुडत. न्यूयॉर्क येथील जॉन हेली यांनी १८७८ मध्ये ‘कोचमन’ या जुन्या माशीचे मोरपिसी शरीर उसवू नये म्हणून त्यावर रेशमी पट्टा बांधला. तीच ‘रॉयल कोचमन’ होय. ली वुल्फ (१९०५–९१) यांनी सु. १९३० मध्ये पिसांऐवजी प्राण्यांच्या केसांचे पंख व शेपूट असलेल्या दणकट माश्या प्रचारात आणल्या. रॉयल कोचमनचे या पद्धतीचे रूप म्हणजे रॉयल वुल्फ.

बांधणी : साधारणतः १० ते १६ क्रमांकाचा गळ लहान शेगड्यात पकडून त्यावर दोरा गुंडाळतात. प्रथम वासराच्या शेपटीच्या पांढऱ्या केसांचा झुबका बांधून तो उभा करतात व दोन पंखांत विभागतात. नंतर केसांचेच शेपूट बांधून मोरपिसाचे तंतू, लाल रेशीम व पुन्हा तंतू असे शरीर गुंडाळतात. शेवटी कोंबड्याच्या मानेवरील ताठ पीस पंखांभोवती फिरवून झालर करतात व डोक्याशी गाठ मारून तीवर व्हार्निश लावतात. झालरीचे ताठ तंतू पृष्ठताणामुळे पाण्यावर टेकून राहतात.

वापर : मासा बहुधा प्रवाहाकडे तोंड करून असतो. म्हणून गळकरी त्याच्या मागे, खालच्या अंगास उभा राहून माशी वरच्या दिशेस टाकतो. ती प्रवाहाच्याच वेगाने वाहत आली पाहिजे. दोरीचा ताण बसून ती पाण्यावर ओरखडा काढू लागली, की मासा सावध होतो. झटके देऊन ती हवेत कोरडी करतात व पुन्हा टाकतात.

कार्यकारणभाव : प्रकाशाच्या प्रणमनामुळे (दिशाबदलामुळे) माशाला पाण्याबाहेरचे जग डोक्यावरील सु. ९७° कोनाच्या वर्तुळाकार झरोक्यातूनच दिसते. त्याबाहेर पाण्याचा पृष्ठभाग खालून आरशासारखा भासतो व त्यात झालरीने पाडलेले खळगे प्रथम दिसतात. खळाळात विचार करण्यास माशाला अवधीही नसतो. रंगांचे प्रयोजन त्यामुळे बरेचसे माणसासाठी आहे : पांढरे पंख फेसाळ पाण्यात व संधिप्रकाशात गळकऱ्यास दिसतात आणि लाल पट्टा मुळात टिकाऊपणासाठी आला. संथ, स्वच्छ पाण्यात मात्र मासा माशी निरखून पाहतो. तेथे साध्या रंगांची, अनुकरणात्मक माशी अधिक उपयोगी पडते.

तरंगत्या माशीचा गळ बहुतेक वेळा माशाच्या ओठात रुततो. त्यामुळे गळाचा काटा चेपून ठेवल्यास मासा फारशी इजा न होता सोडता येतो. पकडलेला मासा पुन्हा पाण्यात सोडावा, या मताचा ली वुल्फ यांनी १९३० नंतरच्या दशकापासून पुरस्कार केला. भारतात ट्राउट मूळचा नाही; काश्मीर, हिमाचल प्रदेश व निलगिरी येथील थंड पाण्यात तो ब्रिटिश अमदानीत बाहेरून आणून सोडण्यात आला.