मैलाचे फूट व शेताचे गुंठे

मैलाचे फूट ५,२८०, हें जुन्या पिढीच्या बहुतेक शेतकऱ्यांस तोंडपाठ असतें. पण पांच हजार हा सोपा आंकडा सोडून असा अडनिडा आंकडा कां ठरला, याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. त्याचें मूळ नांगराच्या तासांत आहे.

मैल हा मूळचा रोमन लोकांचा. त्यांच्या सैन्याचीं हजार दुपावलें म्हणजे एक मैल. दर दुपावलाचे पांच फूट, म्हणून तो ५,००० फुटांचा. फूट म्हणजे पाऊलच होय. इंग्लंडांत शेताचें माप मात्र निराळें होतें. बैल न थांबतां एका दमांत जितका लांब नांगर ओढीत, त्या तासाच्या लांबीस फर्लांग म्हणत. तो ६६० फुटांचा ठरला होता. फर्लांग बदलावा तर सर्वांच्या जमिनींचीं मापें बदलतील. म्हणून १५९३ च्या कायद्यानें मैलच आठ फर्लांगांचा केला. अशा रीतीनें ५,२८० फूट झाले.

पुढें १६२० च्या सुमारास एडमंड गंटर यानें ६६ फुटांची सांखळी प्रचारांत आणली. अशा ८० सांखळ्यांचा मैल होतो. मुंबई इलाख्याच्या मोजणींत तिच्या निम्मी, ३३ फुटांची व सोळा आण्यांची सांखळी घेतली गेली. एक सांखळी लांब व एक सांखळी रुंद जमीन म्हणजे १,०८९ चौरस फूट, हाच आपला गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर. मैलाच्या अशा १६० सांखळ्या होतात.

आपलें जुनें माप हाताचें. भास्कराचार्यांच्या लीलावतींत २४ अंगुळांचा हात, चार हातांचा दंड व २,००० दंडांचा कोस सांगितला आहे. हात दीड फुटाचा धरल्यास कोस १२,००० फुटांचा, म्हणजे सुमारें सव्वादोन मैलांचा होतो. पण हात प्रांतोप्रांतीं निराळा असल्यामुळें कोसही सर्वत्र सारखा नव्हता.

भारतांत १९५६ च्या कायद्यानें मीटरचें माप आलें. सावर्ड्यावरून जाणाऱ्या मुंबई-गोवा महामार्गावर आतां अंतर किलोमीटरांतच लिहितात. मैलांस आठानें गुणून पांचानें भागावें, म्हणजे किलोमीटर जवळजवळ मिळतात. दहा मैलांचे सोळा. फुटांचे मैल करणें झाल्यास ५,२८० नें भागावें.

रस्त्याच्या हिशेबांत थोडी चूक चालते. जमिनीच्या हिशेबांत ती महाग पडते. गुंठा व आर एकच, असा समज पुष्कळांचा आहे. आर १०० चौरस मीटरांचा, तर गुंठा १०१.१७ चौरस मीटरांचा. एक एकराची किंमत ठरवून खतांत ४० आर लिहिले, तर घेणाऱ्यास सुमारें ४७ चौरस मीटर, म्हणजे ५०४ चौरस फूट जमीन कमी मिळते. हा जवळजवळ अर्धा गुंठा होय. कोंकणांत खाचरें लहान व वांटेकरी अनेक. तेथें एवढ्या तुकड्यावरूनही भाऊबंदकी पेटते.

यासाठीं खरेदी किंवा वांटणी करण्यापूर्वीं सातबाऱ्यावरील हेक्टर-आर व बोलीतील गुंठे दोन्ही चौरस मीटरांत आणून ताडून पाहावे. मेळ न बसल्यास सही करण्याआधीं भूमि अभिलेख कार्यालयाकडे मोजणीचा अर्ज करावा. मोजणीची फी फिर्यादीच्या खर्चापेक्षां केव्हांही कमीच पडते.