रिकामे यंत्र कोणाचे ऐकते?

संगणक सुरू करण्यास इंग्रजीत 'बूट करणे' म्हणतात. आपल्याच बुटाचा पट्टा ओढून आपणांस वर उचलावे, अशा अशक्य गोष्टीवरून तो शब्द आला आहे. अडचणही तशीच आहे. काम करण्यास यंत्राला कार्यप्रणाली हवी. आणि ती स्मृतीत आणून बसविणे हे स्वतःच एक काम! घरच्या चकतीवर ती असली तर निभावते. पण चकतीच नसेल तर?

असे बिनचकतीचे संगणक १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेत वापरात आले; चकत्या तेव्हा महाग होत्या. त्यांच्यासाठी बिल क्रॉफ्ट आणि जॉन गिलमोर ह्यांनी सप्टेंबर १९८५ मध्ये 'बूटपी' ही नियमावली प्रसिद्ध केली. आजची 'डीएचसीपी' तिचीच लेक.

यंत्राच्या जाळेपट्टीत एक चिमुकला कार्यक्रम कायमचा कोरलेला असतो. त्याला स्वतःविषयी एकच गोष्ट ठाऊक : आपला क्रमांक. आम्ही गिरणीच्या भाषेत त्याला बिल्ला नंबर म्हणू. वीज येताच तो साऱ्या जाळ्यात हाक देतो, "हा माझा बिल्ला; माझा पत्ता कोणता, आणि मी काय चालवू?" ६७ क्रमांकाच्या दारावर कान देऊन बसलेला सर्व्हर पत्ता देतो, फाइलीचे नाव सांगतो. मग 'टीएफटीपी' नावाचा हमाल ती फाइल ५१२ बाइटांच्या गाठोड्यांनी आणतो. एक गाठोडे, एक पोच, मग दुसरे. ५१२ पेक्षा लहान गाठोडे आले की माल संपला असे समजावयाचे. आलेला छोटा कार्यक्रम मोठ्याला बोलावतो. (आधी मुकादम, मागून साहेब, हे आमच्या ओळखीचेच.)

सोय मोठी आहे. एका ठिकाणी दुरुस्ती केली की शंभर यंत्रे दुरुस्त. १९९९ मध्ये सुरू झालेल्या 'लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रकल्पा'ने जुन्या, अशक्त संगणकांनाही असे कामास लावले. अर्थात सर्व्हर बसला की सारे खाते बसते.

परंतु आम्हांस खटकते ते निराळेच. हाकेला ओ कोणी दिली हे यंत्र विचारीत नाही. खात्यात नवखा मनुष्य हुकूम सोडू लागला तर कामगार विचारतो, "आपण कोण?" बूटपीत ही विचारपूस नाही, टीएफटीपीत परवलीचा शब्द नाही. त्याच जाळ्यात बसलेल्या लबाड यंत्राचे उत्तर आधी पोचले, तर बिचारे बहुधा त्याच्याच मागे जाते; आणि पुढे बसलेल्या कारकुनाला पडद्यावर काहीच वावगे दिसत नाही.

ह्यावर 'सिक्युअर बूट' निघाले. आलेल्या कार्यक्रमावरील सही यंत्र आपल्याजवळच्या किल्लीशी ताडून पाहते. न जुळल्यास चालवीत नाही. बहुतेक संगणकांत ह्या किल्ल्या कारखान्यातूनच बसवून येतात, आणि त्यांत मायक्रोसॉफ्टची असते. पुष्कळ यंत्रांत मालकाला आपली किल्ली बसविता येते. त्याची जागा आरंभीच्या मांडणीपटात असते, आणि तो पट उघडण्याचा परवलीचा शब्द ज्याच्या हाती, तोच ती बदलतो.