आवाजाचा नट: विल्यम कॉनराड

अमेरिकेत १९५० नंतर दूरचित्रवाणीने नभोवाणीचे श्रोते ओढून नेले, तेव्हा केवळ आवाजावर नाव मिळविलेल्या नटांपुढे मोठाच पेच उभा राहिला. विल्यम कॉनराड (१९२०–१९९४) हे त्यांपैकी एक होत. ‘द किलर्स’ (१९४६) या चित्रपटात ते भाडोत्री मारेकऱ्याच्या भूमिकेत दिसले होते. परंतु त्यांची खरी कीर्ती नभोवाणीवरची. सीबीएसच्या ‘गनस्मोक’ या मालिकेत १९५२ पासून ते मार्शल मॅट डिलनची भूमिका करीत. त्यांचा खोल, भारदस्त आवाज ऐकून डिलनची जी मूर्ती डोळ्यांपुढे उभी राही, तिच्याशी कॉनराड यांच्या ठेंगण्या, स्थूल देहाचे काहीच साम्य नव्हते. १९५५ मध्ये मालिका दूरचित्रवाणीवर आली आणि ती भूमिका उंचापुऱ्या जेम्स आर्नेस यांना मिळाली. नभोवाणीवर मात्र कॉनराड १९६१ पर्यंत डिलनच राहिले. म्हणजे सहा वर्षे अमेरिकेत एकाच वेळी दोन डिलन नांदत होते! पुढे ‘द फ्युजिटिव्ह’ (१९६३–६७) या मालिकेतही त्यांचे निवेदन तेवढे ऐकू येई. अखेर १९७१ मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, ‘कॅनन’ या मालिकेत त्यांना खाजगी गुप्तहेराची प्रमुख भूमिका लाभली. हा गुप्तहेर स्थूल होता व खाण्याचा शौकीनही. मालिका पाच वर्षे चालली.